टेन्शनचा फोटो

‘टेन्शन घेऊ नकोस गं!’ गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचंच टेन्शन येतं. बॉसने सुट्टी घ्यायला सांगितली, मैत्रिणीने प्राणायामच्या क्लासचा नंबर दिला, आईने दृष्ट काढली. मलाही पटलं होतं. प्रेझेंटेशनच्या आधी धडधड, घाम, डोकं ठणकणं, यात नवल काय? नवल एवढंच, की रविवारी वरणभात खाऊन लोळतानाही तेच व्हायचं.

अशाच एका झटक्यात फॅमिली डॉक्टरांनी बीपी मोजलं. २१०/१२०. थोड्या वेळाने नॉर्मल! त्यांनी कागदावर एक शब्द लिहिला: फिओक्रोमोसायटोमा. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ॲड्रिनल ग्रंथी असते. तिच्यात ही गाठ झाली की ती मनाला येईल तेव्हा ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिन रक्तात ओतते.

‘मग स्कॅन करूया ना,’ मी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, आधी केमिस्ट्री. ॲड्रिनलवर निरुपद्रवी गाठी बऱ्याच जणांना असतात, नुसत्या फोटोवरून भलतीलाच गुन्हेगार ठरवलं तर? म्हणून २४ तासांची लघवी साठवायची. (तो कॅन बाथरूममध्ये असताना पाहुणे आले. असो.) मेटानेफ्रिन्स चिक्कार वाढलेली निघाली. मग सीटी: डावीकडे सहा सेंटीमीटरची गाठ. एवढी मोठी, म्हणजे अजून कुठे पसरलीय का, हे बघणं भाग होतं. त्यासाठी एमआयबीजी स्कॅन.

ही आयडिया मला भन्नाट वाटली. एमआयबीजी हा रेणू दिसायला नॉरॲड्रिनलिनसारखा, त्यामुळे या पेशी त्याला घरचाच समजून आत घेतात. त्याला किरणोत्सारी आयोडीन चिकटवलेलं, म्हणजे हेराच्या हातात टॉर्च! १९८० च्या सुमारास अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात हे जमवलं गेलं. आता गॅलियमचा पेट स्कॅनही असतो, पसरलेला आजार तो बऱ्याचदा जास्त चांगला पकडतो.

इंजेक्शनच्या आधीपासून आयोडीनचे थेंब घ्यायचे, म्हणजे थायरॉइड ते किरणोत्सारी आयोडीन खात नाही. चव? गंजलेला खिळा चोखल्यासारखी. सर्दीच्या काही गोळ्याही बंद, त्या रेणूची वाट अडवतात. फोटो दुसऱ्या दिवशी, आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी. गॅमा कॅमेऱ्याखाली गप्प पडून राहायचं. तेव्हा मात्र खरंच टेन्शन आलं.

स्क्रीनवर यकृत आणि लाळग्रंथी उजळलेल्या दिसल्या आणि मी हबकले. ‘ते सगळ्यांचंच दिसतं,’ टेक्निशियन म्हणाला. नको तो ठिपका एकच, डावीकडे. बाकी कुठे काही नाही. मी बाहेर येऊन आईच्या गळ्यात पडून रडले.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. त्याआधी दोन आठवडे अल्फा ब्लॉकरच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून भरपूर पाणी आणि चक्क मीठ खायची ऑर्डर आहे! बीपी कळल्या दिवसापासून माझ्या ताटातलं लोणचं उचलून नेणारी आई आता स्वतः बरणी पुढे सरकवते. तेही जरा संशयानेच.