हॅलो, मनगट बोलतंय!

रात्रीचे साडेनऊ. तुम्ही हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले, नाहीतर अंधेरीहून सुटलेल्या लोकलमध्ये लटकलेले. आई-बाबा साताऱ्याला, नाशिकला किंवा सोलापूरला. नेहमीचा फोन लावता. रिंग वाजते, वाजतच राहते. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा लावताना पोटात गोळा आलेला असतो. शेजारच्या काकूंचा नंबर शोधायला घेता, तेवढ्यात आईचा फोन. ‘अगं, मोबाइल आत चार्जिंगला होता. आम्ही बाहेर गॅलरीत बसलो होतो गप्पा मारत. जेवलीस का?’

जेवलीस का! इथे आपलं अर्धं रक्त आटलेलं असतं, आणि तिकडे चौकशी जेवणाची!

मंडळी, गोची साधी आहे. आपल्या पिढीचा मोबाइल हाताला चिकटलेला असतो. आई-बाबांच्या लेखी तो अजूनही लँडलाइन असतो. म्हणजे त्याची एक ठरलेली जागा असते. फ्रिजवर, टीव्हीशेजारी नाहीतर देवघराच्या कोनाड्यात. फोन तिथे आणि माणसं भलतीकडेच. यावरचा सध्याचा हिट उपाय म्हणजे फोन करता येणारं स्मार्टवॉच. १९८२ सालच्या ‘नाइट रायडर’ या अमेरिकन मालिकेत हिरो मनगटावरच्या घड्याळातून आपल्या गाडीशी बोलायचा, तेव्हा ती निव्वळ सायन्स फिक्शन होती. आज तसं घड्याळ दोन-तीन हजारांतही मिळतं. पण ऑनलाइन सेलमध्ये ‘बाय नाऊ’ दाबण्याआधी जरा थांबा.

दोन घड्याळं, दोन स्वभाव

स्वस्तातल्या घड्याळावर ‘ब्लूटूथ कॉलिंग’ असं लिहिलेलं असतं. त्यात माइक असतो, छोटा स्पीकर असतो, पण सिम नसतं. फोन करतो तो मोबाइलच, घड्याळ फक्त त्याचं लांबवर ठेवलेलं तोंड आणि कान. दोघांत साधारण दहा मीटरपर्यंतचं अंतर चालतं, मध्ये जाड भिंती आल्या की त्याहून कमी. वन बीएचकेमध्ये काम फत्ते! पण बाबा मोबाइल घरी ठेवून मॉर्निंग वॉकला गेले, की तेच घड्याळ फक्त वेळ आणि पावलं सांगणार.

दुसरा प्रकार ‘एलटीई’ किंवा ‘सेल्युलर’ घड्याळांचा. यात ई-सिम असतं, त्यामुळे मोबाइल घरी राहिला तरी फोन लागतो. जिओ आणि एअरटेलने २०१८ मध्ये भारतात अ‍ॅपल वॉचसाठी ही सोय सुरू केली. सॅमसंगच्या गॅलक्सी वॉचमध्येही एलटीई मॉडेल्स आहेत. मात्र किंमत कित्येक पटींनी जास्त. शिवाय अ‍ॅपलचं घड्याळ आयफोनशी जोडावं लागतं आणि गॅलक्सीचं अँड्रॉइडशी. तेव्हा आई-बाबांकडे कोणता मोबाइल आहे ते आधी बघा.

दुकानातला पोरगा ‘कॉलिंग आहे ना सर!’ म्हणेल. त्याला एकच विचारा, ‘मोबाइल घरी ठेवला तर कॉल लागेल का?’ तो घुटमळला, की समजून जा.

‘हात न लावता’ म्हणजे नेमकं किती?

पहिली पायरी म्हणजे आलेला फोन घड्याळावर उचलणं. आईचे हात कणकेने माखलेले असताना कोपराने हिरवं बटण दाबता आलं तरी पुष्कळ.

दुसरी पायरी आवाजाची. घड्याळाला सांगायचं आणि त्याने फोन लावायचा. ब्लूटूथवाल्या घड्याळात हे काम सहसा मोबाइलमधला असिस्टंटच करतो, त्यामुळे मोबाइल लॉक असताना तो फोन लावतो का, ते तपासा. खरी गंमत पुढे आहे. आईच्या मोबाइलमध्ये ‘संदीप प्लंबर’, ‘संदीप जोशी बँक’ आणि ‘संदीप’ असे तीन संदीप असतील, तर ऐन वेळी प्लंबर हजर होतो! तुमचा नंबर दुसऱ्या कुणाशीही घोटाळा होणार नाही अशा नावाने सेव्ह करा. घरात ‘बंड्या’ म्हणत असतील तर बंड्या. अडचणीच्या वेळी तोंडात तेच नाव येणार.

तिसरी पायरी ‘ऑटो आन्सर’. आयफोनमध्ये आणि काही अँड्रॉइड मोबाइलमध्ये आलेला फोन काही सेकंदांनी आपोआप उचलला जाण्याची सोय आहे. तुम्हाला सॉलिड वाटेल, पण एक लक्षात घ्या. त्या सोयीने फक्त तुमचाच नाही, तर पर्सनल लोनवाल्याचा फोनही थेट घरात शिरतो. आई-बाबा आपसात काय बोलत होते, ते तुम्हालाही ऐकू येतं. त्यांना न विचारता हे सुरू करणं म्हणजे दार न वाजवता खोलीत घुसणं.

पडल्यावर कोण उचलणार?

आपल्या सगळ्यांच्या मनातली खरी भीती मात्र वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये पडणं हे जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे, आणि पडून दगावणाऱ्यांत साठीच्या पुढचे लोक सर्वांत जास्त. पडण्याइतकंच धोक्याचं असतं ते उठता न येणं आणि तासन् तास कुणाला न कळणं. मोबाइल हॉलमध्ये, बाबा बाथरूममध्ये. अशा वेळी मनगटावरच्या बटणाला खरी किंमत येते.

अ‍ॅपल वॉचमध्ये २०१८ च्या सिरीज ४ पासून ‘फॉल डिटेक्शन’ आलं. जोरात पडल्यावर घड्याळ विचारतं. माणूस साधारण मिनिटभर हालला नाही, तर ते आपोआप आपत्कालीन सेवेला फोन लावतं आणि नेमून दिलेल्या नातेवाइकांना ठिकाण कळवतं. सेटअपमध्ये वय ५५ किंवा जास्त भरलं असेल तर हे आपोआप चालू होतं. इतर कंपन्यांच्या घड्याळांत ही सोय आहे का आणि सुरू आहे का, ते स्वतः बघा. कारण स्वस्त घड्याळांत ती बहुतेकदा नसतेच. आणि असली तरी प्रत्येक पडणं घड्याळाला कळत नाही. खुर्चीवरून हळूच घसरलेला माणूस त्याच्या हिशेबात बसलेलाच असू शकतो. म्हणून आपण होऊन फोन लावायची सवय हवीच.

बाबांचं एचएमटी

आता सर्वांत अवघड सेटिंग. आई-बाबांचं मन! ज्या मनगटावर तीस वर्षं एचएमटी ‘जनता’ आहे, रोज सकाळी ज्याला चावी दिली जाते, तिथे हे काळं चौकोनी यंत्र बसवायचं म्हणजे चेष्टा नाही. ‘मला काय झालंय?’ हा प्रश्न येणारच. त्यावर ‘बाबा, तुम्ही पडलात तर?’ हे उत्तर देऊ नका. त्यातून त्यांना एकच ऐकू येतं, की मुलांनी आपल्याला म्हातारं ठरवलं.

त्यापेक्षा त्यांच्या सोयीचं बोला. ‘आई, फोन वाजला की ओट्यापासून हॉलपर्यंत धावायचं बंद.’ हे खरंही आहे. रिंग ऐकून घाईने उठणं आणि पाय अडकणं, ही काय थोडी भानगड आहे? एचएमटी उजव्या हातात गेलं तरी चालेल. आईच्या बांगड्या मध्ये येत असतील तर तीही दुसऱ्या हातात घालू शकते. कोणत्या हातात, कधी काढायचं, ऑटो आन्सर हवं की नको, हे सगळं त्यांनाच ठरवू द्या. स्वतः ठरवलेली वस्तू हातात राहते, लादलेली कपाटात जाते.

एक रविवार द्या

कुरिअरने घड्याळ पाठवून व्हिडिओ कॉलवर सेटिंग शिकवण्याचा फंडा विसरा. घरी जा आणि एवढं करा:

- घरभर फिरून बघा. बाथरूमचं दार लावून, गॅलरीतून, गच्चीवरून फोन लागतो का? नसेल तर मोबाइलची जागा घराच्या मध्यावर आणा.
- घड्याळाचा स्पीकर इवलासा असतो. वयाप्रमाणे वरच्या पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, त्यामुळे आवाज फुल्ल ठेवा. आईला श्रवणयंत्र असेल, तर कॉलचा आवाज नेमका कुठे जातो ते बघा.
- मोबाइलवर बोलताना आवाज अचानक घड्याळातून येऊ लागला, तर ‘फोन बिघडला’ असं वाटतं. कॉल चालू असताना आवाज कुठून यावा ते निवडायचं बटण दोनदा दाखवा, त्यांना चारदा दाबू द्या.
- चार्जिंग दुपारी, मालिका बघताना. रात्री नको. अंधारात उठायची वेळ रात्रीच येते.
- दुसरा नंबर शेजाऱ्यांचा ठेवा, ज्यांच्याकडे घराची किल्ली आहे त्यांचा. तुम्ही तीन तासांवर, ते तीन मिनिटांवर. शिवाय ११२ पाठ असू द्या.

आणि मग रोजचा फोन घड्याळावरच करायला सांगा. भाजी काय केली, कुणाचं लग्न ठरलं, टाकीत पाणी आलं का, सगळं मनगटावरून! वर्षभर नुसतं शोभेला बांधलेलं घड्याळ संकटात आठवत नाही. रोज बोलायची सवय असेल, तर हात आपसूक तिकडे जातो.

राहता राहिले तुम्ही. तुमचा मोबाइल मीटिंगमध्ये सायलेंटवर असतो आणि रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’वर. आयफोन असो वा अँड्रॉइड, ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असतानाही ठरावीक नंबरांची रिंग वाजू देण्याची सोय दोन्हीकडे आहे. तिथे आई आणि बाबा ही दोन नावं आजच टाका. याला दोन मिनिटं लागतात आणि पैसे अजिबात नाहीत. त्यांच्या मनगटावर हजारो रुपये खर्च करण्याआधी एवढं करून टाका, बॉस!