मूल चुकले तर घराने जायचे कुठे?

आपल्या तेरा वर्षांच्या मुलाने शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीशी लैंगिक दुर्वर्तन केले, हे कळल्यावर एखाद्या आईने कोणाकडे जावे? करमाड-शेंद्रा पट्ट्यात कंपनीच्या पाळ्या करणाऱ्या आई-बापाला कोण सांगणार? मग मुलाला बदडून काढले जाते, नाही तर मामाच्या गावी धाडले जाते. पण लहान मुले मामाच्या गावातही असतातच ना? बोभाटा झाला की गावकी मिटवायला बसते; मुलगा दलित वस्तीतला असेल तर सारी वस्तीच आरोपी ठरते. जिला इजा झाली, त्या मुलीला मात्र कोणी विचारत नाही. तिची सुरक्षितता आणि उपचार हे पहिले कर्तव्य आहे.

घरचे लोक लपवतात ते भीतीपोटी. पण पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे असा गुन्हा कळवणे बंधनकारक आहे. तो गावकीत मिटत नाही. म्हणूनच पुढे काय होते हे ठाऊक हवे. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयात त्याची समज पाहिली जाते. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तिथे एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १८ नुसार मंडळ मुलाला समज देऊन, त्याचे आणि त्याच्या आई-बापाचेही समुपदेशन करून घरी पाठवू शकते. सोळा वर्षांवरील मुलाचा अतिगंभीर गुन्हा असेल तरच प्रौढांप्रमाणे खटल्याचा प्रश्न येतो. कलम ७४ प्रमाणे दोन्ही मुलांची ओळख उघड करता येत नाही.

म्हणजे आई-बापाला आधार द्यावा, हे कायद्यानेच मान्य केले आहे. योग्य उपचार आणि देखरेख मिळाली तर अशी बहुतेक मुले पुन्हा तसे वागत नाहीत, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. त्यांतल्या काहींवर स्वतःवरच अत्याचार झालेला असतो. मारझोडीने ते कधी बाहेर येईल काय?

पण हा आधार आहे कुठे? घाटी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग शहरात. तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. पैसेवाल्याच्या मुलाला खासगी समुपदेशक आणि मजुराच्या मुलाला निरीक्षणगृह, हा कोणता न्याय?

मागणी साधी आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने आठवड्यातून एक दिवस करमाडला समुपदेशक बसवावा. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, हे प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहावे. त्याखाली चाइल्डलाइन १०९८ आणि टेली-मानस १४४१६ हे क्रमांक द्यावेत. कार्यकर्त्यांनी मिटवामिटवीच्या बैठकीत बसणे सोडून त्या दोन्ही घरांसोबत मंडळाच्या दारापर्यंत चालत जावे. लपवलेला गुन्हा दुसऱ्या मुलीच्या दारात जाऊन उभा राहतो!