ऐच्छिक कोणासाठी?

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणाऱ्या भाचीने मला विषयांची यादी दाखवली. राज्यघटना सक्तीची, ‘स्त्रिया आणि कायदा’ मात्र ऐच्छिक. त्या वर्गात बहुतेक मुलीच, असं ती म्हणाली.

मला हे खटकलं. स्त्रियांच्या मताधिकाराची १९२० ची एकोणिसावी दुरुस्ती घटनेचाच भाग नाही का? १९७३ मध्ये ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात मान्य केलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये काढून घेतला. उद्या वकील, आमदार, न्यायाधीश होणारे मुलगे हा इतिहास न शिकताच स्त्रियांच्या शरीराबद्दल निर्णय देणार!

ऐच्छिक वर्ग जरूर चालू राहावेत. पण मैत्रिणींनो, स्त्रियांचे हक्क मुख्य अभ्यासक्रमात यायलाच हवेत. ज्यांना निर्णय घ्यायचे आहेत, त्यांना हा धडा टाळण्याची मुभा का?