खुर्चीवरचं सामायिक



अमरावती असो की अकोला, मंदिरात खुर्ची घेऊन बसलेल्या बाईकडे अजूनही वळून पाहिलं जातं. म्हणून सायटिका असलेल्या कितीतरी जणी कळ सोसत 48 मिनिटं मांडी घालून बसतात. मला हे पटत नाही.

सायटिकाची नस शरीरातली सर्वांत जाड. कमरेतून निघून कुल्ल्यामागून पायात उतरते. मणक्यांमधली गादी सरकून तिच्या मुळावर दाब आला, की कळ पार पोटरीपर्यंत जाते. वाकून बराच वेळ बसलं की हे दुखणं बहुधा वाढतं.

बहुतेकींना काही आठवड्यांत आराम पडतो. अंथरूण धरून राहू नये, झेपेल तेवढं चालावं. नस बसवून देणाऱ्यांचे हिसके नकोत. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावेत. उपवासात रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी घेऊ नये. चौविहार पाळत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगावं, म्हणजे औषधाच्या वेळा तशा ठरवता येतात. लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

राहिला धर्म. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ बसलेले, श्रवणबेळगोळचे बाहुबली कायोत्सर्गात उभे. दोघांपुढे आपण सारख्याच भक्तीनं हात जोडतो. सामायिक म्हणजे समता. 48 मिनिटं कळच मोजत बसलं तर समता कुठली? या चातुर्मासात मंदिरात चार खुर्च्या ठेवूया, आणि तिथं बसणारीला कारण विचारू नये.