खेळाडूचा गुडघा कोणाचा?

जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत अविनाश साबळे पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला आणि त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबरमधील टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या या धावपटूने तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत २०२२ साली बर्मिंगहॅमला रौप्यपदक आणि २०२३ साली हांगझोऊला आशियाई सुवर्णपदक मिळविलेले. त्याच्या गुडघ्याची काळजी देशाने वाहिली, हे योग्यच झाले. आमचा प्रश्न निराळा आहे. हाच गुडघा आष्टीला लागून असलेल्या शिरूर कासार तालुक्यात, कबड्डीच्या मैदानावर, सतराव्या वर्षी दुखावला असता तर काय झाले असते?

उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. हळद-तुरटीचा लेप लागला असता. कोणी जाणता गडी पाय ओढून 'बसवायला' पुढे झाला असता. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आली असती आणि पंधरा दिवसांनी सूज ओसरल्यावर पोरगा पुन्हा चढाईला उतरला असता. मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत जखडून ठेवणारा बंध तुटला, तरी माणूस काही दिवसांनी सरळ चालू शकतो. घात होतो तो इथेच. अंग वळवून पलटी मारताच गुडघा दगा देतो, आणि असे प्रत्येक वेळी घडताना दोन हाडांमधली कूर्चेची गादी थोडी थोडी फाटत जाते. ताज्या दुखापतीवर शेकणे आणि चोळणे म्हणजे आतला रक्तस्राव वाढविणे होय. तिथे विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे एवढेच हवे असते. एवढे साधे ज्ञानही आपल्या मैदानांपर्यंत पोहोचलेले नाही. आणि समजा कर्ज काढून शस्त्रक्रिया केली, तरी ती निम्मे काम करते. उरलेले निम्मे काम म्हणजे नऊ-नऊ महिने चालणारा व्यायाम, मांडीच्या स्नायूंत बळ आणणे, पुन्हा धावायला शिकणे. त्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे ज्याला आपण फिजिओ म्हणतो तो, हाताशी लागतो. तो बीडला किंवा नगरला बसतो. आठवड्यातून तीनदा एस.टी.ने तिकडे जायचे, त्याचे भाडे, त्याची फी आणि बुडालेला दिवस हे सारे कोरडवाहू शेतकऱ्याच्या कोणत्या हिशेबात बसते?

साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनमध्ये राहिला आणि सैन्यातच धावपटू म्हणून घडला. त्याच्या शरीराची जबाबदारी राज्यसंस्थेने घेतली ती त्याच्या अंगावर गणवेश चढल्यानंतर. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर हे याहून जुने उदाहरण. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचार म्हणून पोहणे सुरू झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. व्यवस्था पाठीशी असली म्हणजे मोडलेल्या देहातूनही काय उभे राहते, ते यावरून दिसावे. परंतु ही व्यवस्था छावणीच्या कुंपणाआतली आहे. कुंपणाबाहेर पैसा हीच व्यवस्था. क्रिकेटपटू ऋषभ पंत डिसेंबर २०२२ मध्ये मोटार अपघातात जबर जखमी झाला. त्याला विमानाने मुंबईस आणून उपचार झाले आणि २०२४ मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. त्याचा हेवा कोणी करू नये. मात्र ज्या मातीतून पाटोद्याच्या राहुल आवारेसारखा २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णविजेता मल्ल निघाला, त्या मातीतल्या यात्रेच्या फडावर खांदा निखळलेल्या पैलवानाला टेम्पोत घालून कुठे न्यायचे, हे आयोजकांनाही ठाऊक नसते. बक्षिसाची रक्कम मात्र ध्वनिक्षेपकावरून तीनतीनदा पुकारली जाते.

क्रीडासंघटना आणि सरकार यांचा खाक्या असा की फळ पिकल्यावर तोडायला जायचे. ऑलिंपिकसाठी निवडक खेळाडूंना सर्व साह्य देणारी केंद्राची योजना २०१४ पासून आहे. तिचा लाभ ज्यांना होतो त्यांना होवो. पण जे मधल्या वाटेवर गुडघा, घोटा, कंबर गमावून बसतात त्यांची कुठे मोजदाद आहे?

आणि शिरूरचा खरा मैदानी खेळ कोणता, हेही नीट पाहिले पाहिजे. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी ती मुले-मुली पदकासाठी धावत नाहीत, भरतीसाठी धावतात. दुष्काळी तालुक्यात सोळाशे मीटरची वेळ म्हणजे पगाराची नोकरी. झिजल्या बुटांनी, कठीण रस्त्यावर, अर्धपोटी धावून नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडे जातात, आणि भरती जवळ आली म्हणून ते पोर दुखणे लपवून धावतच राहते. २०१४ साली मुंबईच्या पोलीसभरतीत जूनच्या उन्हात पाच किलोमीटर धावताना कोसळून उमेदवार मृत्यू पावले, तेव्हा कुठे शासनाने अंतर कमी केले. अंतर कमी झाले. धावणाऱ्याची आधी तपासणी आणि देखभाल करण्याचा प्रश्न तिथेच राहिला.

आपल्यातलाच एखादा कार्यकर्ता म्हणेल की जिथे बाळंतिणीला डॉक्टर मिळत नाही तिथे खेळाडूच्या मालिशवाल्याची चैन कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण प्रश्नाची मांडणी चुकीची आहे. ज्या घरातला मुलगा कबड्डी खेळतो त्याच घरातले नवरा-बायको कोयता घेऊन दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याकडे जातात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना मानेचे आणि कमरेचे जे होते, ते कोणत्याही पैलवानाच्या दुखापतीहून कमी नसते. एक दिवस बसले तर खाडा, खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. या भीतीने शरीराशी कसा खेळ होतो, ते २०१९ साली शासनाच्या समितीपुढे उघड झाले: बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तेव्हा तालुक्याला एक भौतिकोपचारतज्ज्ञ मागणे म्हणजे मूठभर खेळाडूंची मागणी नव्हे. सकाळी त्याच्यापुढे घोटा मुरगळलेली खो-खोची मुलगी बसेल, तिच्या शेजारी मणक्याने वाकलेली तिची आई बसेल. हमाल पंचायतीने पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नासवर आणण्यासाठी लढा दिला, तो श्रमिकाच्या पाठीच्या कण्यासाठीच होता. ही त्याच लढ्याची पुढची कडी आहे.

शिवाय हे शास्त्र मुळात काही श्रीमंतांचे नव्हे. आपल्या देशात त्याचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते १९५०च्या दशकाच्या प्रारंभी, पोलिओच्या साथीनंतर, मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. म्हणजे सार्वजनिक रुग्णालयात, गरिबांच्या मुलांसाठी. पुढे ते खाजगी दवाखान्यांच्या काचेच्या दारांआड गेले, याला शास्त्र जबाबदार नाही. यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. एक खोली, चटया, रबरी पट्टे, वजने, समांतर दांडे आणि पगारी, कायम नेमणुकीचा शिकलेला माणूस, एवढ्यावर काम सुरू होते. जिल्हा नियोजन समिती मैदानांच्या कुंपणभिंतींवर आणि व्यायामशाळांच्या लोखंडावर खर्च करतेच. त्यात ठेकेदार असतो म्हणून तो पैसा लवकर सुटतो. माणसाच्या पगारात ठेकेदाराला काही मिळत नाही.

तेव्हा शिरूर कासारच्या आणि शेजारच्या तालुक्यांतील साथींनी तहसीलवर जाताना निवेदनात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञाचे कायम पद. प्रत्येक शाळेच्या क्रीडाशिक्षकाला प्रथमोपचाराचे सक्तीचे प्रशिक्षण, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाकडून. आणि कुस्तीच्या फडाला किंवा स्पर्धेला परवानगी देताना तिथे उपचारपथक असण्याची अट. पाडव्याच्या सुमारास टोळ्या कारखान्यांवरून परततात आणि यात्रांचे फडही तेव्हाच रंगू लागतात. निवेदन त्याआधी गेले पाहिजे.