आमची पायरी

'घर पाहावं बांधून' असं सांगणाऱ्या पूर्वजाने पायऱ्यांबद्दल चकार शब्द काढलेला नाही. त्याचं घर जमिनीलगत असावं. मी जऊळक्यात घर बांधायला काढलं, तेव्हा पाया भरून होतो न होतो तोच मिस्तरी म्हणाले, "सायेब, जोतं साडेतीन फूट घेऊ. घर कसं उठून दिसलं पायजे!"

आता आमच्या गावाला लोक 'जऊळका रेल्वे' म्हणतात हे खरं. पण म्हणून घरानेही प्लॅटफॉर्मवर उभं राहावं असा काही नियम नाही. तरी मिस्तरी, शेजारी आणि आमची ही, अशा तिघांचं एकमत झालं. कारणही वरवर बिनतोड. रस्ता नवा करताना जुना थर खरवडायला कोणाला वेळ नसतो. थरावर थर चढतो आणि घर खड्ड्यात जातं. म्हणून रस्ता चढतो तशी जोती चढतात. या शर्यतीत दमतो कोण, तर पाहुणा!

साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच. पुढे जागा जेमतेम. मिस्तरींनी पाचच पायऱ्या काढल्या. "पायऱ्या इषमच पायजे, सायेब." म्हणजे एकेक पायरी जवळजवळ साडेआठ इंच! राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या घराला १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंचांपर्यंतच परवानगी देते. सतराव्या शतकात ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने तर हिशेबच घालून दिला आहे : पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी मिळून २४ इंच. त्याचा इंच आपल्यापेक्षा किंचित मोठा होता, पण गुडघे तेच. मी हे मिस्तरींना ऐकवलं. ते म्हणाले, "तो कोन्या गावचा?"

वरून गुळगुळीत ग्रॅनाइट हवाच. पावसाळ्यात त्यावर ओला पाय पडला की माणूस बैठकीत येण्याऐवजी दवाखान्यात जातो. आमच्या वऱ्हाडात काळ्या दगडाला काय तोटा? टाकीचे घाव घातलेली खरबरीत पायरी ओला पायसुद्धा धरून ठेवते. पण ती चकाकत नाही, हा तिचा गुन्हा.

तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला काय झालं? सांगतो. एका नातलगाच्या वास्तुशांतीला आमची ऐंशीच्या घरातली आत्याबाई आली होती. पायऱ्यांशी थांबली, वर पाहिलं आणि म्हणाली, "मी अठीच बसतो बापा. तुमी या पाहून." तिचं ताट खाली आलं, चपलांच्या ढिगाशेजारी. घर सगळ्यांनी पाहिलं; जिने त्या नातलगाला अंगाखांद्यावर खेळवलं, तिने तेवढं नाही पाहिलं.

'पायरी ओळखून वागावं' हे आपल्या भाषेत उगाच नाही आलं. वाड्याच्या ढेलजेत कोणी टेकायचं आणि कोणी पायरीखालीच थांबायचं, हे एके काळी जात ठरवायची. पंढरपुरात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. त्या देवळाचं दार सर्वांना उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. एवढ्या कष्टाने खाली आणलेली पायरी आपण पुन्हा वर चढवतो आहोत. या खेपेला म्हाताऱ्यांसाठी, लंगडत्यांसाठी, कडेवर पोर घेतलेल्या बाईसाठी.

बरं, साडेतीन फुटांना उतार करावा, तर एकास बारा या प्रमाणाने तो ४२ फूट लांब होतो. आमचा उतार शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात संपला असता!

म्हणून मी जोतं दीड फुटावर आणलं. संहितेचं किमान माप ४५० मिलिमीटर, म्हणजे साधारण तेवढंच. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या, एका बाजूला धरायला कठडा, भिंतीलगत १८ फुटांचा उतार, पाण्याला नीट नाली आणि पुढे बसायला ओटा. तीन हा आकडा विषम असल्यामुळे शास्त्रही राजी झालं. रस्त्याच्या उंचीचं भांडण मी ग्रामसभेत जाऊन भांडेन. त्याचा राग आत्याबाईच्या गुडघ्यांवर का काढू?

मिस्तरी अजून रुसलेले आहेत. "सायेब, घर काई दिसनार नाई."

"नाही दिसलं तर नाही," मी म्हटलं, "ओट्यावर आत्याबाई तर दिसेल!"