जुनं विमान मागायच्या आधी...

समुद्रावरून उडणाऱ्या जुन्या स्पिटफायर विमानाचा एक फोटो सध्या आपल्या ग्रुपांवर फिरतोय. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान आणि रंग मात्र कालच दिल्यासारखा. खाली बऱ्याच जणांनी लिहिलंय, "हे फक्त इंग्रजांनाच जमतं."

त्यावर थोडं बोलायचंय. स्पिटफायर आपल्याही हवाई दलात होती. बाद झाल्यावर त्यातली बरीच कुठे कुठे पडून राहिली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या एका हौशी वैमानिकाने त्यातली आठ विकत घेऊन तिकडे नेली. त्यापैकीच एक, एमव्ही 293, दुरुस्त होऊन 1992 मध्ये पुन्हा आकाशात गेलं. म्हणजे आपण ज्याला भंगार म्हटलं, त्याचेच आज फोटो काढले जातात.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. हवाई दलाकडे 'परशुराम' नावाचं डाकोटा विमान आहे. ते लढाऊ नव्हे, मालवाहू. पण 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरात सैन्य उतरवलं ते डाकोटांनीच. हे विमान 2018 मध्ये ब्रिटनहून स्वतः उडत भारतात आलं. नाव आपल्या कोकणाच्या देवाचं, पण दुरुस्ती झाली ब्रिटनमध्येच. आणि मुंबईतली जुनी 'विक्रांत' आठवते ना? 1971 च्या युद्धात जिच्यावरून सी हॉक विमानं उडाली, ती आधी संग्रहालय झाली आणि 2014 मध्ये दारूखान्यात तोडली गेली.

आता रत्नागिरीचं. आपल्या विमानतळावर प्रवासी टर्मिनल होतंय. ते सुरू झालं की बाहेर एखादं जुनं लढाऊ विमान चौथऱ्यावर बसवा, अशी मागणी येणारच. माझा विरोध नाही. पण खारा वारा अॅल्युमिनियमलाही सोडत नाही. समुद्रावर उडणारी विमानं वरचेवर गोड्या पाण्याने धुवावी लागतात, पत्रा आणि रिव्हेट तपासावे लागतात. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मिरकरवाड्यात पावसाळ्यात होड्या वर घेऊन खरवडतात, रंगवतात, तेव्हाच पुढच्या हंगामाला त्या समुद्रात जातात. घराची शाकारणी एक वर्ष चुकली की पुढच्या पावसात भांडी मांडून बसावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: विमान मागायचं तर त्याच अर्जात तीन गोष्टी मागा. डोक्यावर छप्पर, दरवर्षी देखभालीची वेगळी तरतूद आणि आयटीआय-पॉलिटेक्निकच्या पोरांना त्यावर काम शिकायची सोय. इथल्या फिटर-वेल्डर पोरांनी पत्राकाम, रिव्हेटिंग शिकलं तर पोट भरायलाही उपयोगी पडेल. हे तीन जमणार नसेल तर विमान मागूच नका. गंजलेल्या विमानाजवळ सेल्फी काढण्यापेक्षा चौथरा रिकामा असलेला बरा.

तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणाने लिहा.